तीन वर्षांची खोली

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. कुठली समाजमंदिरात भरते, कुठली जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात, कुठली शहरातल्या वस्तीत भाड्याच्या खोलीत. जागा कशीही असो, एक गोष्ट सगळीकडे सारखी: तीन, चार आणि पाच वर्षांची मुलं एकत्र बसतात. सेविकाताई एक, मदतनीस एक, खोली एक. मुलं वेगळी बसवणार तरी कुठे? शिक्षणाच्या चर्चेत या गोष्टीची नोंद उणीव म्हणूनच होते.

पुण्या-मुंबईतल्या काही माँटेसरी शाळा मात्र हीच गोष्ट पालकांना अभिमानाने सांगतात: आमचा वर्ग तीन ते सहा वयाचा, मिश्र. तिथे खोल्या आहेत, शिक्षिका आहेत, तरी मुलं मुद्दाम एकत्र ठेवली जातात आणि पालक त्यासाठी भरपूर फी मोजतात. एकाच मांडणीला एका ठिकाणी नाइलाज म्हणायचं आणि दुसऱ्या ठिकाणी पद्धत, हे बरोबर नाही. ही मांडणी आली कुठून, चालते कशामुळे आणि बिघडते कशामुळे, हे नीट पाहिलं तर अंगणवाडीकडे बघण्याची नजर बदलावी लागते.

पद्धतीचा जन्मही नाइलाजातूनच झाला. रोममधल्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीतल्या मोडकळीला आलेल्या इमारती एका कंपनीने दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर, शाळेच्या वयाची मुलं शाळेत. उरलेली लहानगी जिन्यांतून धुडगूस घालत, नव्याने रंगवलेल्या भिंती खराब करत. कंपनीचे संचालक एदोआर्दो तालामो यांनी हिशेब केला, की मुलांना सांभाळायला एक खोली आणि एक बाई दिली तर दुरुस्तीचा खर्च वाचेल. या कामासाठी त्यांनी ३६ वर्षांच्या डॉ. मारिया माँटेसरी यांना गाठलं. ६ जानेवारी १९०७ रोजी ‘कासा देइ बांबिनी’, म्हणजे मुलांचं घर, सुरू झालं. भाडेकरूंची तीन ते सात वर्षांची मुलं, एवढीच प्रवेशाची अट. पन्नासेक मुलं जमली. वयानुसार वर्ग पाडायला ना जागा होती, ना माणसं.

माँटेसरींनी आधी मंदबुद्धी ठरवल्या गेलेल्या मुलांबरोबर काम केलं होतं. इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांच्या साधनांवरून त्यांनी शैक्षणिक साहित्य बनवलं होतं. ते त्यांनी सान लोरेन्झोत आणलं आणि मुलं त्याचं काय करतात, हे त्या बारकाईने पाहू लागल्या. एकदा साहित्याच्या कपाटाला कुलूप लावायचं राहून गेलं. शिक्षिका उशिरा पोचली, तोवर मुलांनी आपापलं साहित्य काढून कामाला सुरुवातही केली होती. शिक्षिकेला ती चोरी वाटली. माँटेसरींना दिसलं, की कुणाला काय हवं हे त्या-त्या मुलाला ठाऊक आहे. उंच, बंद कपाटं गेली आणि मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी मांडणी आली.

मिश्र वयाचा वर्ग उभा आहे तो या उघड्या मांडणीवर. बाई फळ्यापाशी उभ्या राहून सगळ्यांना एकच धडा देत असत्या, तर तीन वर्षांच्याला तो कळला नसता आणि सहा वर्षांच्याला कंटाळा आला असता. ज्याने त्याने आपलं काम आपण निवडलं, की वयांच्या फरकाची अडचण उरत नाही. उलट तो फरक कामी येऊ लागतो.

कसा, ते पाहायला गुलाबी मनोरा पुरेसा आहे. दहा लाकडी ठोकळे, सगळे एकाच रंगाचे. सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. मांडणीवरून चटईपर्यंत ते एकेक करून न्यायचे, म्हणजे दहा खेपा. मोठा ठोकळा तीन वर्षांच्या मुलाच्या एका हातात मावत नाही, पोटाशी धरूनच न्यावा लागतो. सर्वांत लहान चिमटीत राहतो आणि सगळ्यांत आधी हरवतो. ताईंनी हे एकदा, फारसं न बोलता, सावकाश करून दाखवलेलं असतं. मूल मनोरा रचतं. एखादा ठोकळा मागेपुढे झाला की मनोरा वेडाविद्रा दिसतो. ‘चुकलं’ असं कुणी म्हणत नाही. चूक डोळ्यांना दिसते, हाताला कळते, आणि मूल मनोरा उतरवून पुन्हा रचायला घेतं.

मग तोच मनोरा पाच वर्षांची मुलगी घेते. ती ठोकळे मधोमध न ठेवता एका कोपऱ्याशी जुळवून रचते. तसं केलं की दोन बाजूंना एकेक सेंटिमीटरची पायरी उरते, आणि सर्वांत लहान ठोकळा प्रत्येक पायरीवर नेमका बसतो. ती तो ठोकळा पायरी पायरी वर चढवत नेते. तीन वर्षांचा मुलगा अजून तिथेच उभा असतो. दुसऱ्याच्या चटईवरच्या साहित्याला न विचारता हात लावायचा नाही, पाहायला मात्र पूर्ण मुभा, असा या वर्गाचा रिवाज. दोन ठोकळ्यांमधला फरक दर वेळी तेवढाच आहे, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याने ते पाहिलेलं असतं, आणि काही महिन्यांनी तो स्वतः मनोरा कोपऱ्याशी जुळवू लागतो.

असं पाहण्याला या वर्गात फार महत्त्व आहे. सोनेरी मण्यांचं साहित्य असतं: सुटा मणी म्हणजे एक, दहा मण्यांची काडी, शंभराचा चौरस, हजाराचा घन. मोठी मुलं ताटलीत ‘तीन हजार दोनशे चौदा’ आणायला जातात, तेव्हा वाटेत एखादं लहान मूल तो हजाराचा घन फक्त उचलून पाहतं आणि ‘केवढा जड!’ म्हणून जागेवर ठेवतं. संख्येशी त्याची पहिली ओळख अशी हाताने होते. पुढे कधीतरी हजार म्हणजे किती हे शिकायची वेळ येते, तेव्हा ते वजन त्याच्या ओळखीचं असतं.

प्रत्येक साधनाचा वर्गात एकच संच ठेवतात. नव्या पालकांना हे खटकतं. एवढी फी घेता आणि मनोरा एकच? पण यामागे विचार आहे. दुसऱ्याचं काम संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबलेलं मूल पाहतं. शिवाय साहित्य जागेवर, पूर्ण आणि नीट ठेवलं नाही तर पुढच्याचं अडतं, ही जबाबदारी रोज अंगवळणी पडते. तीस मुलांना तीस मनोरे दिले तर मुलं एकमेकांकडे पाहणारच नाहीत. माँटेसरींना फार लहान वर्गही पसंत नव्हता. तीस-चाळीस मुलं असली तरी त्यांची हरकत नव्हती, कारण मुलंच एकमेकांची निम्मी सोय करतात असा त्यांचा अनुभव होता.

ही सोय कशी होते, ते बटणांच्या चौकटीपाशी दिसतं. लाकडी चौकटीला दोन कापडी पट्ट्या, मध्ये पाच मोठी बटणं. तीन वर्षांचं मूल बटण अर्धं काजात घालतं आणि अडतं. ताई दुसरीकडे कुणाला तरी पॉलिश पेपरची अक्षरं दाखवत असतात. साडेचार वर्षांचा मुलगा येऊन बसतो. तो बटण लावून देत नाही. अर्धं घातलेलं बटण पलीकडून धरायचं असतं, एवढंच दाखवतो. हे अडणं त्याला माहीत आहे. वर्षापूर्वी तोही इथेच अडला होता. मोठ्या माणसांना बटण लावणं इतकं सवयीचं झालेलं असतं, की नेमकं कुठे अडतं हेच आपण विसरून गेलेलो असतो. शिकवताना त्या मुलालाही आपली कृती तुकड्या तुकड्यांनी आठवावी लागते, आणि ती त्याची स्वतःची उजळणी होते.

थोरल्याने धाकट्याला शिकवणं आपल्याला नवं नाही. पंतोजींच्या शाळेत पुढे गेलेला मुलगा धाकट्यांकडून अक्षरं गिरवून घेई. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने गावठी शाळेत मुलं वाळूवर अक्षरं गिरवताना पाहिली, तीच रीत उचलली, मोठ्या मुलांना शिकवायला लावलं आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं. ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती इंग्लंडात गाजली. पण बेलच्या वर्गात थोरला विद्यार्थी नेमलेला असे, वरून आलेला धडा तो खाली पोचवत असे, आणि त्याने शिकवावं यामागे शिक्षकांवरचा खर्च वाचवण्याचा हेतू होता. माँटेसरी वर्गात कुणाची नेमणूक नसते. आज बटणांपाशी शिकवणारा मुलगा उद्या कात्रीकामात स्वतः मदत मागतो. कुणी कायमचा हुशार राहत नाही आणि कुणी कायमचा मागे राहत नाही. शिवाय दर वर्षी जागा बदलते: पहिल्या वर्षी सगळ्यांत धाकटा, तिसऱ्या वर्षी सगळ्यांत थोरला. घरात एकुलत्या एका मुलाला ही थोरलेपणाची पाळी एरवी येतच नाही.

माँटेसरींच्या या विचाराला पुढचं वळण मिळालं ते भारतात. १९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मुलगा मारिओ यांच्यासह मद्रासजवळ अड्यारला आल्या. पहिल्याच प्रशिक्षणवर्गाला तीनशेच्या आसपास विद्यार्थी होते. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी मायलेक शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. मारिओंना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केलं, आईंना अड्यारच्या आवारात. ३१ ऑगस्टला मारिया सत्तर वर्षांच्या झाल्या, तेव्हा सरकारने मारिओंना सोडलं. पुढे दोघं कोडाईकनालला गेले. तिथल्या छोट्या शाळेत फार वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्र होती; अगदी लहानांपासून दहा-बारा वर्षांपर्यंतची. मोठ्यांसाठी मांडलेल्या वनस्पती, प्राणी, पृथ्वीच्या जन्माच्या गोष्टी लहानगी शेजारी बसून ऐकत आणि त्यातलं आपल्याला झेपेल तेवढं उचलत. सहा ते बारा वयासाठीचा माँटेसरींचा पुढचा अभ्यासक्रम याच शाळेतल्या निरीक्षणांतून आकाराला आला. अहमदाबादच्या व्याख्यानांवर आधारलेलं त्यांचं पुस्तक १९४९ मध्ये निघालं. वर्गांमधल्या भिंती कमरेएवढ्याच ठेवाव्यात, म्हणजे धाकटा पलीकडे डोकावू शकेल आणि वाटलं तर जाऊनही येईल, असं त्यात त्यांनी सुचवलं आहे.

त्या येण्याच्या कितीतरी आधी त्यांचा विचार इथे पोचला होता. पूर्व आफ्रिकेत राहून आलेल्या गिजुभाई बधेका या वकिलांनी वकिली सोडून १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. दोघांनी माँटेसरी डोळे मिटून घेतली नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना कल्पित गोष्टी सांगण्याबाबत माँटेसरी साशंक होत्या. गिजुभाई आणि ताराबाईंनी गोष्टी, बडबडगीतं, नाट्य बेधडक बालमंदिरात आणलं. आपल्याकडे आजीच्या गोष्टीला वयाची अट कधीच नव्हती, आणि मिश्र वर्गात गोष्ट ही सगळ्यांनी मिळून करायची सर्वांत सोपी गोष्ट ठरली.

मात्र दादरचा शिशुविहार मध्यमवर्गीय मुलांपुरता राहत होता. १९३१ मध्ये लंडनच्या माँटेसरी अध्यापन विद्यालयात बोलताना गांधीजींनी हे शिक्षण गरिबांच्या मुलांपर्यंतही पोचावं अशी अपेक्षा व्यक्त केली होती. ती मनावर घेऊन ताराबाई १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं आणि पहिल्याच पायरीवर कळलं, की बालवाडी उघडली म्हणून मुलं येत नाहीत. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यायची असं ठरलं. अंगणात गेल्यावर वयाचे गट पाडण्याचा प्रश्नच नव्हता. अंगणात जेवढी मुलं, तेवढा वर्ग. कडेवरचं बाळ, त्याला घेऊन आलेली सात वर्षांची ताई, आणि मधली सगळी.

साहित्यही तिथलंच घेतलं. परदेशी लाकडी संच परवडणारे नव्हते आणि त्यांची गरजही नव्हती. समुद्रावरचे शंख-शिंपले, गोटे, बिया, पानं, बांबूच्या कांड्या: लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं त्यांतून शिकवता येतं. साधनाची चढती रचना आणि चूक स्वतःची स्वतःला दिसणं, ही माँटेसरींची मूळ तत्त्वं त्यांनी सांभाळली.

१९५०च्या दशकात काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये हललं. तिथे प्रश्न आणखी स्पष्ट झाला. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण धाकटं भावंड तिच्या अंगावर. मोठा मुलगा येत नाही, कारण गुरं राखायची. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली, ती गुरं चरतात तिथेच भरे. बहिणींसाठी विकासवाडी निघाली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली पहिलीच्या वर्गात. मध्येच येऊन ती बाळाला पाहून जाऊ शकते. वयाच्या भिंती बुटक्या ठेवण्याचा माँटेसरींचा आग्रह आणि पाड्यावरच्या मुलीची गरज इथे एका जागी आली. या कामाची दखल देशाने घेतली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा देशभरातल्या केंद्रांना नाव मिळालं ते अंगणवाडी.

पण नुसती वयं मिसळली की शिक्षण आपोआप सुधारतं, असं मानणं घातक आहे, आणि याचा पुरावा आहे. अमेरिकेत गरीब कुटुंबांच्या मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ ही सरकारी बालवाडी योजना आहे. तिथल्या वर्गांचा अन्सारी, पर्टेल आणि गेरशॉफ या अभ्यासकांनी अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गात तीन वर्षांची मुलं जास्त असतील तर चार वर्षांची मुलं भाषेत आणि गणितात कमी पुढे जातात, असं त्यात दिसलं. उलट अँजलिन लिलार्ड यांनी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या दोन सरकारी माँटेसरी शाळांत १४१ मुलांचा तीन वर्षं मागोवा घेतला. प्रवेश सोडतीने होते, म्हणजे सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना करता आली. २०१७ च्या त्या निष्कर्षांत माँटेसरीतली मुलं अभ्यासात पुढे होती आणि गरीब-श्रीमंत घरांतल्या मुलांमधलं अंतर कमी होत गेलेलं दिसलं. २०२५ मध्ये लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २४ सरकारी शाळांतल्या ५८८ मुलांचा असाच सोडतीवर आधारलेला अभ्यास मांडला. वाचन, स्मरण, स्वतःवरचं नियंत्रण यांत माँटेसरीची मुलं पुढे होती, आणि तीन वर्षांत दर मुलामागे सुमारे १३ हजार डॉलर खर्च कमी आला होता. खर्च वाचला तो मुख्यतः या कारणाने, की तीन-चार वर्षांच्या मुलांमागे शिक्षक कमी लागले.

दोन्हीकडे वयं मिसळलेलीच. मग फरक कुठे? जिथे बाई वर्गाला मिळून शिकवतात, तिथे त्यांना धाकट्यांच्या पातळीवर यावं लागतं आणि थोरल्यांचा वेळ वाया जातो. जिथे प्रत्येक मूल आपलं काम घेतं, सलग दोन-तीन तास कुणी घंटा वाजवत नाही, आणि तीच मुलं तीच ताई तीन वर्षं राहतात, तिथे थोरल्यांना पुढचं कामही मिळतं आणि शिकवण्याची संधीही. आपल्या द्विशिक्षकी शाळांतलं बहुवर्ग अध्यापन बहुतेकदा पहिल्या प्रकारात मोडतं: एका खोलीत दोन इयत्ता, गुरुजी आळीपाळीने इकडे आणि तिकडे, आणि अर्धी खोली कायम वाट पाहत बसलेली.

शहरांतल्या माँटेसरीचं दुखणं वेगळं आहे. नावावर कुणाचा हक्क नाही. अमेरिकेत १९६७ मध्ये तसा निर्णयही झाला. त्यामुळे गल्लोगल्ली ‘माँटेसरी’ पाट्या दिसतात आणि आत नर्सरी, ज्युनियर, सीनियर अशी वयवार विभागणी आणि ओळी गिरवण्याच्या वह्या असतात. खरोखर मिश्र वर्ग चालवणाऱ्या शाळांनाही तिसरं वर्ष टिकवणं कठीण जातं. मोठ्या शाळेत आत्ताच जागा मिळतेय म्हणून पालक चार-साडेचार वर्षांच्या मुलाला काढून घेतात. त्या मुलाने दोन वर्षं मोठ्यांकडे पाहण्यात घालवली, आणि स्वतः मोठं होण्याच्या वर्षी ते वर्गात नसतं. मागे राहिलेल्या धाकट्यांना पाहायला कुणी उरत नाही. फीचा तोटा शाळा भरून काढू शकते. वर्गातले थोरले गेले तर ते कुठून आणणार? पालकांना हे प्रवेशाच्या दिवशीच, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, आणि मूल तीन वर्षं ठेवणार नसाल तर प्रवेश घेऊ नका, इतकं म्हणण्याची हिंमत शाळेने दाखवायला हवी.

हाच धोका आता अंगणवाडीपुढे उभा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, हे स्वागतार्ह आहे. त्याच धोरणात पाच वर्षांच्या मुलांसाठी पहिलीआधीची बालवाटिका आहे. ती अंगणवाडीतच भरवली तर वर्ग शाबूत राहतो. ती प्राथमिक शाळेत वेगळ्या खोलीत नेली, तर अंगणवाडीत तीन आणि चार वर्षांची मुलंच उरतील. आणि सेविकाताई, ज्यांच्यावर पोषण आहार, वजन-उंची, लसीकरण आणि मोबाइलवरच्या नोंदी यांचा भार आधीच आहे, त्यांच्या हाताखालचे सगळ्यांत भरवशाचे मदतनीस त्या दिवशी निघून जातील. जिथे अंगणवाडी शाळेच्या आवारातच आहे, तिथे तर खर्चाचाही प्रश्न नाही. बालवाटिकेची मुलं रोज तासभर अंगणवाडीत आणि अंगणवाडीची मुलं त्यांच्या खोलीत, एवढी वेळापत्रकात सोय केली तरी पुरे. कोसबाडच्या आवारात पाळणाघर, बालवाडी आणि पहिलीचा वर्ग यांच्यात मुलांची अशी ये-जा चालत असे. तिथे हे ठरवायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागली नाही.